अ‍ॅन्स्ट्रूथरचे मासेमारी-संग्रहालय आणि त्याचे गावकरी

वस्तुसंग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईची एखादी घुमटाची इमारत उभी राहते. मुलांना सुट्टीत एकदा न्यावयाचे, काचेआडच्या तलवारी व मूर्ती दाखवावयाच्या, दुपारी बागेत डबा खावयाचा आणि घरी यावयाचे. त्या इमारतीतील एकही वस्तू आपल्या घरातून गेलेली नसते, म्हणून ती पाहून आपण थक्क होतो, पण ती आपली वाटत नाही. ह्या लेखात ज्या संग्रहालयाची हकीकत सांगावयाची आहे ते अगदी निराळ्या जातीचे आहे. ते आहे दूर स्कॉटलंडात. परंतु बंदरावर राहणाऱ्या आपल्यासारख्या बायकांना त्यातील पुष्कळ गोष्टी ओळखीच्या वाटतील अशी माझी खात्री आहे.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर फाइफ नावाचा परगणा आहे. त्याच्या टोकाला 'ईस्ट न्यूक', म्हणजे पूर्वेचा कोपरा, म्हणतात. तेथे समुद्राला लागून सेंट मोनन्स, पिटनवीम, अ‍ॅन्स्ट्रूथर, क्रेल अशी छोटी छोटी बंदरे एकापुढे एक बसली आहेत. दगडी धक्का, धक्क्याला चिकटून घरे, आणि घरांच्या मागे चढत जाणाऱ्या अरुंद गल्ल्या. ह्यांपैकी अ‍ॅन्स्ट्रूथरच्या धक्क्यासमोर सेंट एल्स नावाचा जुन्या इमारतींचा एक चौक आहे. ह्या जागेचा आणि माशांचा संबंध फार जुना. १३१८ सालच्या एका सनदेने ही जमीन बामेरिनो येथील मठाच्या साधूंकडे आली व त्यांनी ती कोळ्यांना मासे खारवण्यासाठी आणि विकण्यासाठी भाड्याने दिली, असा दाखला आहे. पुढे तेथे सेंट एल्सचे छोटे प्रार्थनामंदिर झाले, मठाधिपतीचे घर झाले. काही शतकांनंतर गलबतांना लागणारे दोर, डांबर, शिडांचे कापड वगैरे विकणाऱ्याचे दुकान आले. १९६९ साली ह्याच चौकात 'स्कॉटिश फिशरीज म्यूझियम' उघडले.

हे साल ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ज्या हेरिंग माशावर ह्या किनाऱ्याने शंभर वर्षे पोट भरले, तो फोर्थच्या खाडीतून दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जवळजवळ नाहीसा झाला होता. शिडाच्या होड्या जाऊन इंजिनाच्या होड्या आल्याला बरीच वर्षे लोटली होती. जुन्या होड्या किनाऱ्यावर कुजत होत्या, जाळी माळ्यावर पडली होती, आणि ती वापरलेली माणसे म्हातारी झाली होती. आणखी वीस वर्षे उशीर झाला असता तर वस्तू मिळाल्या असत्या, पण ती कशी धरावयाची हे सांगणारे कोणी उरले नसते. संग्रहालये नेहमी थोडी उशिरा निघतात. हे जेमतेम वेळेवर निघाले.

हेरिंग हा आपल्या तारलीच्या नात्यातला मासा. थव्याने येणारा, तेलकट, आणि पकडल्यावर लगेच खारवला नाही तर नासणारा. हा शेवटचा गुणच सगळ्या गोष्टीचे मूळ आहे. मासा पकडणे हे पुरुषांचे काम. पण तो चोवीस तासांच्या आत साफ करून पिंपात भरला नाही तर सारी मेहनत पाण्यात. ते साफ करण्याचे आणि भरण्याचे काम बायकांचे होते. १९०७ साली स्कॉटलंडातून सुमारे पंचवीस लाख पिंपे खारवलेला हेरिंग तयार झाला, आणि त्यातला बहुतेक जर्मनी, रशिया व पूर्व युरोपकडे गेला. ह्या पंचवीस लाख पिंपांतील प्रत्येक मासा कोणा ना कोणा बाईच्या हातातून गेला होता असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

त्या मुलींना 'हेरिंग लॅसी' म्हणत. तिघी-तिघींची टोळी असे: दोघी मासे चिरून आतडी काढणाऱ्या, तिसरी पिंप भरणारी. भरणारी बहुधा उंच असे, कारण पिंपाच्या तळाशी पहिला थर लावताना तिला कमरेपासून आत वाकावे लागे. हंगाम सुरू होण्यापूर्वी व्यापाऱ्याचा माणूस गावी येऊन विसार देई. एकदा विसार घेतला की हंगामभर त्याच व्यापाऱ्याकडे बांधील. मग मुलगी आपली लाकडी पेटी भरी आणि निघे. हेरिंगचे थवे जसे सरकत तशा ह्या बायकाही सरकत: उन्हाळ्याच्या प्रारंभी उत्तरेला शेटलंड बेटांवर, मग पूर्व किनाऱ्याने खाली खाली, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात थेट इंग्लंडातील यार्मथ व लोस्टॉफ्टपर्यंत. त्यांच्यासाठी खास आगगाड्या सोडीत. घरापासून शेकडो मैलांवर, कुठे लाकडी झोपड्यांत, कुठे भाड्याच्या खोलीत तिघी-चौघी मिळून राहावयाचे, असे महिनोन्‌महिने चाले.

कामाचे वर्णन वाचले म्हणजे अंगावर शहारे येतात. लाकडी लांबोडक्या हौदात मासे ओतलेले, त्यावर मीठ भुरभुरलेले, आणि समोर बायकांची रांग. हातात आखूड पात्याची सुरी. एक चीर, एक हिसका, आतडी एका टोपलीत, मासा आकारमानाप्रमाणे मागच्या पाच-सहा टबांपैकी नेमक्या टबात; आणि हे सर्व मागे वळून न पाहता. तरबेज बाई मिनिटाला चाळीस ते साठ मासे साफ करी. सुरीने बोटे कापू नयेत म्हणून पिठाच्या पोत्यांच्या चिंध्या बोटांना गुंडाळून दोऱ्याने घट्ट बांधीत. तरीही कापत, आणि कापलेल्या जागी मीठ शिरे. जखमा चिघळत. पिंपामागे ठरलेली मजुरी तिघींत वाटली जाई, म्हणून एकीचा हात चिघळला की तिघींचे पोट अडे. एका पिंपात सातशे ते हजार मासे मावत.

त्या काळी ह्या मुलींची चित्रे पोस्टकार्डावर छापून विकीत. तेलकट एप्रन, डोक्याला रुमाल, एकमेकींच्या गळ्यात हात आणि तोंडभर हसू. ती चित्रे खोटी नाहीत. घराबाहेर पडलेल्या, स्वतःच्या कमाईवर उभ्या असलेल्या तरुण मुली हसणारच. कित्येकींनी म्हातारपणी हेच दिवस आयुष्यातले सर्वांत आनंदाचे म्हणून सांगितले आहेत. पण ह्याच मुलींनी १९३६ साली यार्मथ येथे मजुरी वाढवून मागण्यासाठी संप केला होता, हे पोस्टकार्डावरून कळत नाही. चांगल्या संग्रहालयाने पोस्टकार्डही दाखवावे आणि संपही.

घरी राहिलेल्या बायकांना तरी कोठे विसावा होता! हेरिंगचा हंगाम नसेल तेव्हा गळाची मासेमारी चाले. एका लांब दोरीला हजाराच्या वर गळ. प्रत्येक गळाला शिंपल्यातले मांस लावावयाचे. शिंपले गोळा करणे, फोडणे, गळ भरणे आणि गुंता न होऊ देता दोरी टोपलीत चक्राकार रचणे, हे सारे बायका व मुले पहाटे करीत. उत्तरेकडील काही बंदरांत धक्का नव्हता, तेथे तर बायका नवऱ्याला पाठीवर घेऊन पाण्यातून होडीपर्यंत पोचवीत, म्हणजे त्याचे पाय दिवसभर ओले राहू नयेत. स्वतःचे ओले झाले तर झाले. आपल्याकडे डोक्यावर पाटी घेऊन कोसभर चालत बाजार गाठणाऱ्या आज्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ह्यात नवल वाटणार नाही.

आता संग्रहालय कसे वाढले ते पाहू. सुरुवात लहानशी: चौकातील जुन्या खोल्या, त्यांत जाळी, सुकाणू, दिवे, होड्यांच्या छोट्या प्रतिकृती, आणि एक कोळ्याचे घर जसेच्या तसे मांडलेले. काही वर्षांतच त्यांनी मोठे धाडस केले. १९७५ साली एक आख्खी होडी विकत घेतली. तिचे नाव 'रीपर', म्हणजे कापणी करणारी. १९०२ साली सँडहेवन येथे बांधलेली, सुमारे सत्तर फूट लांब, 'फाइफी' जातीची ही शिडाची होडी. तिचे चरित्र एखाद्या कर्त्या बाईसारखे आहे. प्रथम फ्रेझरबर्गला, मग शेटलंडला. शिडावरून इंजिनावर गेली. १९३०नंतरच्या दशकात एका खेपेत जवळजवळ २२३ क्रॅन हेरिंग आणून तिने शेटलंडचा उच्चांक केला. क्रॅन हे माशांचे माप. ह्या हिशेबाने सुमारे अडीच लाख मासे होतात. १९५७ पर्यंत ती मासेमारीत होती. त्यानंतर नाव बदलून 'शेटलंडर' झाली आणि १९७४ पर्यंत बेटांमधून सामान वाहत राहिली. संग्रहालयाने तिला आणून पुन्हा मूळचे नाव दिले, पुन्हा डोलकाठी उभारली, शिडे चढविली.

होडी सांभाळणे म्हणजे पांढरा हत्ती सांभाळणे होय. लाकूड पाण्यात राहिले तर कुजते, बाहेर काढले तर तडकते. फळ्या बदलाव्या लागतात, शिवणी भराव्या लागतात, आणि हे काम जाणणारे सुतार दरवर्षी कमी होत जातात. शहाण्या माणसाने सल्ला दिला असता की, होडीचा फोटो लावा आणि गप्प बसा. परंतु संग्रहालयाभोवती काही हौशी मंडळी जमली, त्यांनी होडीसाठी वेगळे मंडळ काढले. रविवारी येऊन ही माणसे डांबर लावतात, दोर वळतात, आणि उन्हाळ्यात होडी घेऊन बंदरोबंदर फिरतात. लोकांना संग्रहालयाकडे यावे लागत नाही. संग्रहालयच शिडे फुगवून लोकांच्या धक्क्याला लागते. वाढ म्हणजे खोल्या वाढविणे नव्हे, हे ह्या लोकांना लवकर उमगले असावे.

खोल्याही वाढल्याच. शेजारचा होड्या बांधण्याचा कारखाना ताब्यात घेऊन १९९९ साली तेथे नवे दालन उघडले. त्यात 'रिसर्च' नावाची १९०३ साली बांधलेली झुलू जातीची प्रचंड होडी ठेवली आहे. हे नाव १८७९ सालच्या आफ्रिकेतील झुलू युद्धावरून पडले. त्याच वर्षी ह्या जातीची पहिली होडी बांधली गेली. फाइफीचा पुढचा भाग सरळ उभा, तर स्कॅफी नावाच्या दुसऱ्या जातीचा मागचा भाग तिरका. झुलूमध्ये दोन्ही एकत्र आले. नवऱ्याला एक जात हवी होती, बायकोला दुसरी, आणि त्या भांडणातून तिसरी निघाली, अशी एक आख्यायिका सांगतात. खरी असो वा नसो, होडीच्या घाटात बायकोचे मत विचारात घेतले गेले हे गावाला अशक्य वाटले नाही एवढे तीवरून दिसते!

संग्रहालयातील एका दालनाविषयी मात्र थट्टा करवत नाही. समुद्रात बुडालेल्या स्कॉटिश कोळ्यांच्या स्मरणार्थ तेथे एक शांत जागा राखली आहे. ह्या किनाऱ्याने काय सोसले आहे ते एका दिवसावरून कळते. १४ ऑक्टोबर १८८१ रोजी दक्षिणेकडील आयमथ व आसपासच्या गावांच्या होड्या समुद्रात असता अचानक तुफान झाले आणि १८९ माणसे बुडाली. त्यांतली १२९ एकट्या आयमथची. कित्येक होड्या बंदराच्या तोंडाशी, किनाऱ्यावर उभ्या असलेल्या बायकामुलांच्या डोळ्यांदेखत फुटल्या. शंभर वर्षांनी, १९८१ साली, आयमथमधील चोवीस बायकांनी दोन वर्षे खपून पंधरा फूट लांबीचा एक भरतकामाचा पट पुरा केला; त्यात त्या होड्या व त्या माणसांची आठवण टाक्याटाक्याने भरली आहे. २०१६ साली त्याच गावी समुद्राकडे पाहत उभ्या असलेल्या ७८ विधवा आणि १८२ मुलांचे ब्राँझचे लहानसे शिल्प बसविले. शिल्पकार जिल वॉटसन ही बाईच आहे. सरकारी स्मारकात बुडालेल्यांची नावे असतात. येथे मागे राहिलेल्यांची संख्या मोजली गेली.

अ‍ॅन्स्ट्रूथरकडे परत येऊ. २००९ साली संग्रहालयापुढे प्रश्न होता तो आपल्या सर्वांना ठाऊक असलेलाच. जुन्या माणसांना आठवणी आहेत, तरुणांना त्या ऐकावयाच्या नाहीत. व्याख्याने ठेवली तर पांढऱ्या केसांची माणसे येतात. त्यांनी व्याख्यान ठेवले नाही. इयन ऑटरेड ह्या कसबी आरेखकाकडून फेअर आयलच्या जुन्या वल्ह्याच्या होडीवरून बावीस फुटी नव्या होडीचा आराखडा करून घेतला, आणि अ‍ॅलेक जॉर्डन नावाच्या होडी-कारागिराने तिच्या फळ्या कापून सुट्या भागांचा संच तयार केला. चार वल्हेकरी व एक सुकाण्या बसेल अशी ही होडी. चौकाच्या नावावरून तिचे नाव 'सेंट एल्स स्किफ' ठेवले. कल्पना अशी की, हा संच एखाद्या गावाने वर्गणी काढून घ्यावा, गावकऱ्यांनीच तो जोडावा, रंगवावा, नाव ठेवावे, आणि मग शेजारच्या गावाशी शर्यत लावावी.

ह्यात खरी खुबी 'गावकऱ्यांनीच' ह्या शब्दात आहे. तयार होडी वाटली असती तर ती कोणाच्या तरी पडवीत पडून राहिली असती. हिवाळ्याच्या संध्याकाळी एखाद्या शेडमध्ये निवृत्त मास्तर, परिचारिका, शाळेतली पोरे, सुतार, दुकानदारीण अशी माणसे जमून फळीला फळी जोडू लागली. ज्यांनी जन्मात रंधा धरला नव्हता त्यांनी धरला. पुढच्याच वर्षी, २०१० साली, ह्या होड्यांची एक संघटना झाली. पुरुषांच्या, बायकांच्या, मिश्र आणि निरनिराळ्या वयांच्या शर्यती सुरू झाल्या. साठी उलटलेल्यांच्यासुद्धा वेगळ्या. २०१३ साली उल्लापूलला पहिला जागतिक मेळा भरला, २०१६ साली उत्तर आयर्लंडात, २०१९ साली स्ट्रॅनरारला. एका छोट्या संग्रहालयाच्या कल्पनेतून दोनशेच्या वर होड्या निर्माण झाल्या, आणि त्यांतल्या काही हॉलंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियापर्यंत पोचल्या. संग्रहालयात आलेल्या माणसांच्या तिकिटांत ही वाढ मोजता येणार नाही.

दुसरा उपक्रम विणकामाचा, आणि तो आपल्या भगिनींना अधिक आवडेल. कोळी लोक अंगात 'गॅन्सी' नावाचा गडद निळ्या लोकरीचा जाड सदरा घालीत. तो पाच सुयांवर, शिवण न ठेवता, गोल विणावयाचा; वीण इतकी घट्ट की वारा व तुषार आत शिरू नयेत. छातीवर शिडी, दोर, नांगर, हेरिंगचा काटा असे नमुने. हेरिंग लॅसी दोन पाळ्यांच्या मध्ये, अगदी रस्त्याने चालतानासुद्धा, हेच विणीत. आणि एका बंदरातील नमुना दुसऱ्या बंदरात अशाच हातांनी गेला. नमुने कागदावर नव्हते. आई मुलीला दाखवी तेवढेच. संग्रहालयाने 'हेरिंगचे विणकाम' अशा नावाचा उपक्रम काढून जुने सदरे व छायाचित्रे बारकाईने पाहिली, नमुने उतरवून घेतले आणि ते पुन्हा विणावयाला लोकांना शिकविले.

बुडालेल्या माणसाचे प्रेत गॅन्सीच्या नमुन्यावरून ओळखीत, प्रत्येक गावाचा नमुना ठरलेला असे, ही कथा तुम्ही कोठे ना कोठे वाचाल. ती फार हृदयद्रावक आहे. पण गावोगावचे नमुने पाहिले तर ते इतके मिसळलेले आहेत की तिच्यावर विश्वास ठेवणे कठीण जाते. ह्या समजुतीला आयर्लंडचे नाटककार सिंज ह्यांच्या १९०४ सालच्या 'रायडर्स टू द सी' ह्या नाटकाने हातभार लावला असावा. त्यात बहीण आपल्या भावाचा मोजा टाक्यांवरून ओळखते. कथा सुंदर असली तरी ती खरी म्हणून काचेआड ठेवू नये. खरी गोष्टही काही कमी नाही: सदऱ्याच्या कडेला विणणारी पुष्कळदा नवऱ्याची आद्याक्षरे घाली.

आपल्याकडे बंदरावरच्या बायकांच्या कामाचे काय जतन झाले आहे, असा विचार साहजिकच मनात येतो. आरमाराचा इतिहास लिहिला गेला, किल्ल्यांचा लिहिला गेला. बोंबील सुकत घालण्याचे मांडव कोण बांधी, मिठाचा हिशेब कोण ठेवी, सुक्या मासळीची बांधणी कशी होई, उधारी कशी वसूल होई, हे ज्यांना ठाऊक आहे त्या बायका अजून आपल्या आळीत आहेत, पण पूर्वीइतक्या नाहीत. गेल्या काही वर्षांत घरे नवी बांधताना माळ्यावरच्या पाट्या, तराजू, जुनी मापे, जाळे विणण्याच्या सुया भंगारात गेलेल्या आपण पाहिल्याच आहेत.

मंडळाच्या सभागृहातील मागच्या भिंतीलगत दोन कपाटे रिकामी आहेत. त्यांचा उपयोग ह्या कामासाठी करावा, अशी सूचना मी कार्यकारिणीपुढे मांडणार आहे. आपण होडी विकत घेऊ शकणार नाही, आणि घेऊही नये. परंतु ज्यांच्या घरी अशा वस्तू असतील त्यांनी त्या टाकण्यापूर्वी मंडळात आणून दाखवाव्यात. वस्तूबरोबर एक चिठ्ठी असावी. तीत वस्तूला घरात काय म्हणत तो शब्द, ती कशासाठी वापरीत, कोणी वापरली त्या बाईचे नाव, माहेरचे गाव आणि साधारण साल, एवढे लिहावे. 'आजी' असे नुसते लिहू नये. आजीला नाव होते. ज्यांना लिहिता येत नसेल त्यांचे सांगणे लिहून घेण्यास आपल्या शाळकरी मुलींना बसविता येईल. आणि चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी. आपल्या दमट हवेत शाई पसरते.